कार्ल-मार्क्स-श्टाटची कार्मेन

जून १९८८. पूर्व बर्लिनच्या वायसेन्झे भागात सायकल शर्यतींचे एक मैदान आहे. तिथे कॅनडाचा रॉक गायक ब्रायन अ‍ॅडम्स गाणार होता. आदल्या वर्षी भिंतीपलीकडे, पश्चिम बर्लिनमध्ये डेव्हिड बोवीचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्याचे सूर ऐकायला अलीकडे जमलेल्या पोरांची पोलिसांशी चकमक उडाली होती. त्यातून पूर्व जर्मनीचे सरकार शहाणे झाले. पोरांना रॉक ऐकायचाच असेल तर तो आपणच ऐकवलेला बरा, असा हिशेब करून परदेशी गायकांना आवतण जाऊ लागले. निवेदनासाठी देशातला सर्वांत ओळखीचा चेहरा आणला गेला: बावीस वर्षांची कातारिना विट. चारच महिन्यांपूर्वी तिने कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक जिंकले होते, तेही लागोपाठ दुसऱ्यांदा.

ती मंचावर आली आणि मैदानातून शिट्ट्या सुरू झाल्या. हुर्यो उडवणाऱ्या शिट्ट्या. ज्या देशासाठी तिने एवढी पदके आणली, त्या देशाच्या तरुणांनी तिला धड बोलूही दिले नाही.

त्यांचे म्हणणे काय होते, ते समजणे अवघड नाही. त्यांना भिंत ओलांडायची परवानगी नव्हती. हिला होती. त्यांना मोटारीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे. हिला ती चटकन मिळे. आणि परदेशी पत्रकारांनी खोचून विचारले की ही न डगमगता आपल्या सरकारचे आभार मानायची. गंमत अशी, की त्या संध्याकाळी ज्या सरकारची लाडकी म्हणून तिला हिणवले गेले, त्याच सरकारची गुप्त पोलीस यंत्रणा तिच्यावर ती शाळकरी पोर असल्यापासून पाळत ठेवून होती. हे मैदानातल्या कोणाला माहीत नव्हते, आणि त्या पाळतीचा खरा आवाका तिलाही ठाऊक नव्हता.

कातारिनाचा जन्म ३ डिसेंबर १९६५ चा, बर्लिनच्या वेशीवरच्या श्टाकेनमधला. वडील मानफ्रेड शेतीक्षेत्रात नोकरीला, आई केटे फिजिओथेरपिस्ट, आक्सेल नावाचा एक भाऊ. घर साधे, पोटापुरते. ती वाढली सॅक्सनीतल्या कार्ल-मार्क्स-श्टाट या कारखान्यांच्या शहरात. या शहराचे मूळ नाव केम्निट्झ. १९५३ मध्ये सरकारने ते बदलले, आणि पुढे शहराच्या मध्यभागी मार्क्सचे सात मीटरांहून उंच काशाचे डोके बसवले. (मार्क्स या शहरात कधी राहिला नव्हता.) बालवाडीजवळच बर्फाचे मैदान होते. पाच वर्षांच्या कातारिनाने तिथे घसरणारी मुले पाहिली आणि घरी हट्ट धरला.

आपल्याकडे हा हट्ट कोणी धरला तर आईबापांना शिमल्याला जाऊन थंडीची वाट पाहावी लागेल. अमेरिकेत धरला तर घर गहाण टाकावे लागेल. तिथे बर्फावरच्या तासांचे, प्रशिक्षकाचे, बुटांचे आणि पोशाखांचे पैसे घरून जातात. पूर्व जर्मनीत हा खर्च सरकार उचलायचे. बदल्यात मूल सरकारचे व्हायचे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. देशभर खास क्रीडाशाळा होत्या. तिथे मुलांची उंची, वजन, हाडांची ठेवण तपासून त्यांना या ना त्या खेळाला लावत. याच व्यवस्थेने जलतरण आणि मैदानी खेळांत हजारो मुलामुलींना नकळत उत्तेजक औषधे दिली, हे नंतरच्या खटल्यांत सिद्ध झाले. पावणेदोन कोटींहूनही कमी लोकांचा देश, पण ऑलिंपिकच्या पदकतक्त्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या पंगतीला बसायचा. जगाने धड मान्यताही न दिलेल्या राष्ट्राला पदक ही हक्काची ओळख वाटत होती. त्यामुळे खेळाडूला ते म्हणत 'ट्रॅकसूटमधला राजदूत'.

कातारिना चुणचुणीत निघाली आणि १९७७ पासून युटा म्यूलर यांच्या हाताखाली आली. या बाईंवर खरे तर वेगळे प्रकरण लिहायला हवे. स्वतः एकेकाळच्या स्केटर. १९४९ मध्ये युद्धोत्तर तुटवड्याच्या दिवसांत दुसऱ्या एका मुलीबरोबर जोडी करून त्यांनी पूर्व जर्मनीचे युगुल विजेतेपद मिळवले होते. पुढे प्रशिक्षक झाल्या त्या अशा, की त्यांची मुलगी गाबी सायफर्ट दोनदा जगज्जेती झाली, यान हॉफमन दोनदा जगज्जेता झाला आणि आनेट प्योच्शने १९८० मध्ये ऑलिंपिक सुवर्ण आणले. (ही आनेट पुढे कातारिनाची वहिनी झाली.) फरचा कोट, नीट बसवलेले केस, लालभडक ओठ अशा थाटात म्यूलरबाई मैदानाच्या कठड्याशी उभ्या राहत, आणि समोरची पोरगी रडली तरी त्यांचा चेहरा हलत नसे. उडी चुकली की पुन्हा. पुन्हा चुकली की पुन्हा. दिवसाचे सात-सात तास, आठवड्याचे सहा दिवस.

पण बाईंचे खरे वेगळेपण उड्यांत नव्हते. बर्फावर उतरण्याआधी आरशासमोर कसे बसायचे, परीक्षकाच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, वरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही 'ही माझ्यासाठीच नाचते आहे' असे कसे वाटायला लावायचे, हे त्या शिकवत. समाजवादी देशातली, सत्ताधारी पक्षाची सदस्य असलेली ही प्रशिक्षिका नखरा हा विषय व्याकरणासारखा शिकवत होती. आणि कातारिना ही त्या विषयातली जन्मजात हुशार विद्यार्थिनी होती.

इथे जरा थांबून त्या काळचा हा खेळ समजून घ्यावा लागेल, कारण आज दूरचित्रवाणीवर दिसतो तो खेळ वेगळा आहे. तेव्हा स्पर्धेचे तीन भाग असत. पहिल्या भागात संगीत नाही, नाच नाही, उडी नाही. स्वच्छ बर्फावर एका पायाच्या पात्याने वर्तुळे काढायची. दोन किंवा तीन वर्तुळे एकमेकांना चिकटलेली, मध्ये ठरावीक वळणे, आणि तीच आकृती पुन्हा पुन्हा, आधीच्या रेषेवरच रेषा पडेल अशी. स्केटर बाजूला झाली की परीक्षक बर्फावर जात, वाकून, कधी गुडघ्यांवर बसून पात्याचा ओरखडा तपासत. वर्तुळ फुगले आहे का, वळताना पात्याची दुसरी कड टेकली का, हे पाहत. प्रेक्षागृह जवळपास रिकामे असे. मात्र १९६० च्या दशकात या आकृत्यांना एकूण गुणांत ६० टक्के वजन होते.

१९७२ मध्ये ऑस्ट्रियाच्या ट्रिक्सी शूबाने याच आकृत्यांच्या जोरावर ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. दूरचित्रवाणीवर लोकांना दिसली ती तिची बेताची मुक्त फेरी आणि अमेरिकेच्या जॅनेट लिनचे देखणे स्केटिंग. सुंदर नाचली ती तिसरी कशी, हे कोणालाच समजेना. दूरचित्रवाणीचा पैसा हवा तर नियम बदलणे भाग होते. म्हणून मधे संगीतावरची एक छोटी फेरी आली आणि कातारिनाच्या काळापर्यंत वजन ठरले ते असे: आकृत्या ३० टक्के, छोटी फेरी २०, मुक्त फेरी ५०. प्रत्येक भागातल्या क्रमांकाला अनुक्रमे ०.६, ०.४ आणि १ ने गुणायचे, बेरीज करायची, सर्वांत कमी बेरीज ती विजेती. हे गणित लक्षात ठेवावे. कॅलगरीत ते कामाला येणार आहे.

कातारिना आकृत्यांत कधीच पहिल्या दर्जाची नव्हती. १९७९ मध्ये पहिल्या युरोपीय स्पर्धेत ती चौदावी आली. १९८२ पर्यंत युरोपात आणि जगात दुसरी. १९८३ मध्ये युरोपचे विजेतेपद मिळाले, पण त्याच वर्षी हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत आकृत्यांनी तिला खाली ओढले आणि ती चौथी राहिली. संगीत सुरू झाले की मात्र चित्र पालटत असे.

फेब्रुवारी १९८४, सारायेवोचे हिवाळी ऑलिंपिक. अमेरिकेची रोझलिन समनर्स तेव्हाची जगज्जेती. आकृत्यांत ती पहिली, कातारिना तिसरी. छोट्या फेरीत कातारिना पहिली आणि समनर्स पाचवी. मुक्त फेरीत समनर्स शेवटच्या काही सेकंदांपर्यंत झुंजत होती, पण तिथे तिची हिंमत गळाली. तिहेरी उडीची दुहेरी झाली, दुहेरी अ‍ॅक्सल उडीची एकेरी. तेवढ्या दशांशांनी सुवर्णपदक कार्ल-मार्क्स-श्टाटला गेले. अठरा वर्षांच्या या पोरीला त्यानंतर ३५,००० च्या आसपास प्रेमपत्रे आल्याचे सांगतात. अमेरिकी पत्रकारांनी तिला समाजवादाचा सर्वांत सुंदर चेहरा ठरवून टाकले. सरकारला यात लाज वाटायचे कारण नव्हते. राखाडी इमारती आणि रांगा यांच्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या देशाला एवढी मोठी जाहिरात फुकट मिळत होती.

आणि म्हणूनच भीती. हा चेहरा पश्चिमेकडे पळून गेला तर? ही भीती हवेतली नव्हती. त्याच शहरातला, १९७० च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेला गुंटर झोलर १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीत निघून गेला होता. त्यामुळे 'श्टाझी' या गुप्त पोलीस खात्याने कातारिनाभोवती जाळे विणले. फोन ऐकले गेले, घरात ध्वनिग्राहक बसले, पत्रे फोडली गेली, मैत्रिणी आणि सहकारी यांच्याकडून अहवाल घेतले गेले. कोणता मित्र आला, किती वाजता आला, किती वाजता गेला. शय्यागृहातल्या खासगी क्षणांचीही मिनिटांत नोंद. प्रेमप्रकरण गंभीर होते आहे असे वाटले की त्या मुलाची दूर कुठेतरी बदली होई, लष्करात बोलावणे येई. प्रेम खेळाच्या आड येते, हे म्यूलरबाईंचेही मत होते. बाईंना ते उघडपणे सांगता येई. खात्याला तसे करून चालत नसे.

१९८४ मध्ये मिळवलेले जागतिक विजेतेपद तिने १९८५ मध्ये टोकियोत राखले. १९८६ मध्ये जिनिव्हात गमावले. हरवणारी होती कॅलिफोर्नियाची डेबी थॉमस. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणारी, पुढे डॉक्टर होऊ पाहणारी, आणि या गोऱ्या खेळात जगज्जेती झालेली पहिली कृष्णवर्णीय अमेरिकी. पुढच्या वर्षी सिनसिनाटीत, डेबीच्याच देशात, तिच्याच प्रेक्षकांसमोर, कातारिनाने 'वेस्ट साइड स्टोरी'च्या संगीतावर मुक्त फेरी करून विजेतेपद परत घेतले. माझ्या मते तिच्या सगळ्या कारकिर्दीत निव्वळ खेळ म्हणून ही संध्याकाळ सर्वांत सरस. कॅलगरी जास्त गाजले, ते निराळ्या कारणांनी.

कॅलगरीला दोघींनी एकमेकींना न सांगता एकच संगीत निवडले: बिझेचा ऑपेरा 'कार्मेन'. वृत्तपत्रांना आणखी काय हवे? पूर्व आणि पश्चिम, गोरी आणि काळी, समाजवादी आणि स्टॅनफर्डची, आणि दोघीही कार्मेन. त्यात कातारिनाच्या छोट्या फेरीच्या पोशाखाने तेल ओतले. कमरेवर पिसे, बाजूंना उंच कापलेला, स्कर्ट म्हणावा असे जवळपास काही नाही. प्रतिस्पर्धी गोटातल्या एका कॅनडियन प्रशिक्षकाने यावर जाहीर तक्रार केली. स्पर्धेनंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम केला की स्त्री-स्केटरच्या पोशाखाने नितंब आणि मांड्यांचा वरचा भाग झाकलेला हवा. लोकांनी त्याचे नाव ठेवले 'कातारिना नियम'. तो २००४ पर्यंत टिकला. ज्या खेळात परीक्षक सौंदर्यालाच गुण देतात, त्या खेळाने एका बाईच्या सौंदर्याने गुण खेचल्यावर एवढे दचकावे, यातला दुटप्पीपणा मला आजही करमणुकीचा वाटतो.

आता गणित. आकृत्यांत सोव्हिएत संघाची किरा इवानोवा पहिली, डेबी दुसरी, कातारिना तिसरी, कॅनडाची एलिझाबेथ मॅनली चौथी. छोट्या फेरीत कातारिना पहिली, डेबी दुसरी, मॅनली तिसरी. म्हणजे मुक्त फेरीपूर्वी डेबीची बेरीज २.०, कातारिनाची २.२ आणि मॅनलीची ३.६. डेबी पुढे होती. मुक्त फेरी जिंकली की सुवर्ण तिचे.

कातारिनाची कार्मेन लाल-काळ्या पोशाखात आली. चार तिहेरी उड्या तिने नीट टाकल्या. पाचवी मात्र दुहेरीवर निभावली. धोका घ्यायचा नाही असे ठरवलेले स्पष्ट दिसत होते. कार्यक्रमाच्या मधल्या भागात तर बराच वेळ ती उड्यांच्या वाटेलाच गेली नाही. नुसती थांबत, वळत, हात पसरत परीक्षकांकडे पाहत राहिली. ज्यांना खेळात कसरत हवी त्यांना ही फसवणूक वाटते. पण तो भाग पुन्हा पाहावा. पायांत फारसे काही घडत नसताना आख्खे सॅडलडोम क्रीडागृह तिच्याकडे टक लावून बसले आहे. कार्मेन मरते तशी तीही शेवटी बर्फावर कोसळली. गुण चांगले मिळाले, पण अभेद्य नव्हेत. म्यूलरबाईंनाही ते कळत होते.

मॅनलीच्या मागे घरचे प्रेक्षक होते. तिने आयुष्यातली सर्वोत्तम फेरी केली आणि मुक्त फेरीत पहिली आली. जपानच्या अठरा वर्षांच्या मिदोरी इतोने सात तिहेरी उड्या मारल्या. प्रत्येक उडीगणिक लोक उभे राहत होते. याच इतोने त्या वर्षाअखेरीपर्यंत स्पर्धेत तिहेरी अ‍ॅक्सल मारून दाखवली, स्त्रियांत पहिल्यांदाच. पण आकृत्यांत ती दहावी होती, त्यामुळे पदकाच्या जवळपासही नव्हती.

डेबीची पाळी शेवटी होती. सुरुवातीलाच दोन तिहेरी उड्यांची जोडी होती. दुसऱ्या उडीनंतर तिचे दोन्ही पाय टेकले. एवढ्या चुकीने काही बिघडत नाही; पण बिघडले ते मन. पुढे आणखी उड्या फसल्या. मुक्त फेरीत ती चौथी आली. बेरीज अशी झाली: कातारिना ४.२, मॅनली ४.६, डेबी ६.०. हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी डेबी ही पहिली कृष्णवर्णीय खेळाडू, पण त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर त्याचा लवलेशही नव्हता. पुढे ती खरोखरच अस्थिशल्यचिकित्सक झाली.

या आकड्यांत एक गोष्ट दडली आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. दोन कार्मेनच्या झुंजीत सारे डेबीकडे पाहत होते, पण कातारिनाचे सुवर्ण गेलेच असते तर ते बहुधा मॅनलीकडे गेले असते. इतो मुक्त फेरीत तिसरी होती. परीक्षकांनी तिला एक पायरी वर आणि कातारिनाला एक पायरी खाली ठेवले असते, तर कातारिनाची बेरीज ५.२ झाली असती आणि ४.६ वाली मॅनली ऑलिंपिक विजेती ठरली असती. सात तिहेरी उड्या मारणाऱ्या मुलीच्या वर चार उड्यांची कार्मेन ठेवणे बरोबर होते का? आजच्या पद्धतीत प्रत्येक उडीला नेमून दिलेले गुण असतात. त्या पद्धतीत हे घडले नसते. १९८८ मध्ये घडले, कारण सहापैकी गुणांच्या दोन संचांत एक संच कलात्मक ठशाचा होता, आणि त्या संचात या मुलीला हरवणे कठीण होते.

एकेरीत सलग दोन ऑलिंपिक सुवर्णे जिंकणारी तिच्याआधीची एकमेव स्त्री-स्केटर म्हणजे नॉर्वेची सोन्या हेनी. हेनीने १९२८ ते १९३६ मध्ये तीन जिंकली होती. कातारिनानंतर एकेरीत हे कोणत्याही स्त्रीला जमलेले नाही. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये चौथे जागतिक विजेतेपद घेऊन ती थांबली. युरोपची तर सलग सहा तिच्या नावावर होती.

थांबली, ती एका कराराने. पूर्व जर्मनीत व्यावसायिक खेळाडू ही कल्पनाच निषिद्ध होती. निवृत्त झालेल्या खेळाडूने मुकाट्याने प्रशिक्षक व्हायचे किंवा कार्यालयात बसायचे. कातारिनाने कॅलगरीच्या आधीच वरिष्ठांशी बोलून ठेवले होते की पुन्हा सुवर्ण आणले तर मला बर्फावरच्या व्यावसायिक कार्यक्रमांत काम करू द्यायचे. तिने शब्द पाळला. सरकारने कुरकुरत पाळला. 'हॉलिडे ऑन आइस'मध्ये ती दिसू लागली. मानधन परकीय चलनात येई आणि त्यातला मोठा वाटा सरकारी तिजोरीत जाई. वायसेन्झेच्या मैदानातल्या शिट्ट्या याच वर्षीच्या.

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली तेव्हा ती स्पेनमध्ये सेव्हिलला होती. ब्रायन बॉइटानो आणि ब्रायन ऑर्सर या कॅलगरीच्या दोन पुरुष पदकविजेत्यांबरोबर 'कार्मेन ऑन आइस' या चित्रपटाचे काम चालू होते. या कामासाठी तिघांना पुढे एमी पुरस्कार मिळाला. बॉइटानोबरोबर तिने अमेरिकेचे दौरे केले, मोठमोठी सभागृहे भरवली. आता मानधन तिचे होते.

जर्मनीत मात्र तिची गय झाली नाही. देशाचे शहाणपण एका रात्रीत बदलले होते आणि सर्वांना जुन्या राजवटीचे लाडके हुडकायचे होते. लोकप्रिय दैनिकांनी तिला पक्षाची पाळीव म्हणून झोडपले. तिने माफी मागितली असती, आपण बळी होतो असे रडून सांगितले असते, तर सुटका झाली असती. तिने तसे केले नाही. पश्चिमेत माझ्या आईवडिलांना हा खेळ परवडलाच नसता, त्या देशाने मला घडवले, ही तिची भूमिका बदलली नाही. लोकांना राग अप्रामाणिकपणाचा नव्हता, या प्रामाणिकपणाचा होता.

मग फाइली उघडल्या. १९९१ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने प्रत्येकाला 'श्टाझी'ने आपल्याबद्दल काय लिहिले ते वाचण्याचा हक्क मिळाला. कातारिनापुढे खोक्यांतून तीन हजारांहून अधिक पाने आली. नोंदी ती सात-आठ वर्षांची असल्यापासूनच्या. कोण कोण सांगत होते, तेही त्यात होते, आणि त्यातली काही माणसे तिच्या जवळची होती.

पण फाइलीला दुसरीही बाजू होती. तिच्याकडे लक्ष ठेवणारेच अधिकारी तिची कामेही करून देत. मोटार, घर, बारीकसारीक अडचणी. त्या नोंदींमुळे तिला राजवटीची 'लाभार्थी' ठरवता येत होते, आणि ही पाने पत्रकारांच्या हाती जाऊ नयेत म्हणून ती २००० नंतर न्यायालयातही गेली. शेवटी काही पाने बाहेर आलीच. टीकाकारांना वाटते की लाभ घेतला म्हणजे पाळतीबद्दल तक्रार करायचा अधिकार गेला. चाहत्यांना वाटते की पाळत होती म्हणजे लाभ माफ. मला दोन्ही पटत नाही. मोटारीची किल्ली देणारा आणि खोलीत ध्वनिग्राहक बसवणारा हात एकच होता, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलीने त्यातले एक नाकारून दुसरे कसे टाळायचे होते, हे कोणी सांगत नाही. मात्र विशीनंतर तिने अधिक प्रश्न विचारायला हवे होते, असे म्हणायला जागा आहे. तिच्याच देशात तिच्याच वयाची मुले केवळ भिंत ओलांडू पाहिल्याबद्दल तुरुंगात पडत होती.

१९९४ च्या लिलेहॅमर ऑलिंपिकसाठी नियम शिथिल झाले आणि व्यावसायिकांनाही दरवाजा उघडला. अठ्ठावीस वर्षांच्या कातारिनाने परत यायचे ठरवले, या वेळी एकत्रित जर्मनीकडून, आणि सरावासाठी पुन्हा म्यूलरबाईंकडे गेली. पदक मिळणार नाही हे दोघींना माहीत होते. मधल्या काळात आकृत्या स्पर्धेतून हद्दपार झाल्या होत्या आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुली पाच-पाच, सहा-सहा तिहेरी उड्या मारत होत्या. मग यायचे कशाला?

उत्तर सारायेवोत होते. ज्या झेत्रा सभागृहात तिने पहिले सुवर्ण जिंकले ते १९९२ मध्ये बोस्नियाच्या युद्धात तोफांच्या माऱ्याने उद्ध्वस्त झाले. शहर वेढ्यात होते. सभागृहाचा तळमजला शवागार झाला, आणि आसनांच्या लाकडातून शवपेट्या बनल्या. लिलेहॅमरच्या त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकी माध्यमांना टोन्या हार्डिंग आणि नॅन्सी केरिगन या आपल्या दोन स्केटरांच्या प्रकरणाखेरीज काही दिसत नव्हते. कातारिना लाल पोशाखात उतरली आणि तिने पीट सीगरच्या, मार्लेन डिट्रिशने जर्मनीत घरोघरी पोहोचवलेल्या युद्धविरोधी गाण्यावर स्केटिंग केले, सारायेवोला उद्देशून. उड्या बेताच्या, त्यांतही चुका. ती सातवी आली. प्रेक्षकांत तिचे आईवडील होते. लेकीला ऑलिंपिकमध्ये प्रत्यक्ष पाहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. जुन्या राजवटीत खेळाडूबरोबर सबंध कुटुंबाला सीमेबाहेर सोडत नसत. कोणीतरी ओलीस म्हणून घरी राहायला हवे.

पुढची वर्षे भरभरून गेली, पण त्यांतले थोडेच सांगण्याजोगे आहे. १९९८ मध्ये 'रोनिन' या चित्रपटात तिने एका स्केटरची छोटी भूमिका केली. बर्फावर असतानाच तिला गोळी घातली जाते. त्याच वर्षी 'प्लेबॉय' मासिकाच्या मुखपृष्ठावर ती आली, तेव्हा निम्मी जर्मनी पुन्हा एकदा दचकली आणि अंक हातोहात संपला. कार्यक्रम, दूरचित्रवाणी, निर्मितीसंस्था. २००८ मध्ये निरोपाचा दौरा करून तिने बूट उतरवले.

२०११ च्या जुलैमध्ये मात्र ती पुन्हा एकदा परीक्षकांसमोर उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमान निवडणार होती, आणि म्युनिकच्या मागणीचा प्रमुख चेहरा होती कातारिना विट. एकेकाळी पूर्वेची शान म्हणून मिरवलेली ही बाई आता श्रीमंत, सनातनी, पश्चिमेच्या बव्हेरियासाठी मते मागत होती, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नव्हते. समोर दक्षिण कोरियाच्या प्याँगचांगने आपली बाजू मांडायला आणली होती वीस वर्षांची युना किम, २०१० ची ऑलिंपिक विजेती. दोन पिढ्यांच्या दोन फिगर स्केटर, दोघी उत्तम तयारीनिशी आलेल्या, दोघींनाही ठाऊक असलेले की समोरच्या मंडळींच्या डोळ्यांत पाहून बोलायचे असते. मतदान एकाच फेरीत आटोपले: प्याँगचांग ६३, म्युनिक २५, फ्रान्सचे आनेसी ७.